रानफुलं रंगवणारे पाद्री

प्रश्न (सातारा): मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय 66. दर भाद्रपदात वही घेऊन कासला जाऊन बसतो. वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. या वयात काढलेल्या चित्रांचा कुणाला उपयोग होईल का?

उत्तर: गुरुजी, विल्यम कीबल मार्टिन यांच्याबद्दल जरूर वाचा. इंग्लंडातल्या डेव्हनचे पाद्री. चर्चचं काम सांभाळून जवळपास 60 वर्षं रानफुलं रंगवली, तीही जिवंत फूल समोर ठेवून. 1,400 च्या वर जातींची चित्रं. पुस्तक आलं 1965 साली, तेव्हा वय 87! दोन वर्षांनी ब्रिटनच्या टपाल तिकिटांवर त्यांची फुलं झळकली. तुमच्या हाताशी अजून 21 वर्षं आहेत.

दुसरं उत्तर: कासवर फूल तोडू नका, जागेवरच काढा. भिंग न्या. ‘सीतेची आसवं’ या फुलाच्या पाकळीखालची ती बारीक शेपटी सगळ्यांच्या नजरेतून सुटते. याच झाडाच्या किडे धरणाऱ्या पिशव्या जमिनीत असतात. त्या बघायला झाड उपटायचं नाही.

गुरुजी: मनापासून आभार. जुनी वही उघडली, तेरड्याची शेपटीसुद्धा चौदा चित्रांत एकदाच काढलीय. रविवारी पहिल्या एस्टीनं निघतो, भिंग घेऊन.