मदत हवी आहे : दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी पीअर मेंटर योजना

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या कला-वाणिज्य महाविद्यालयात यंदा प्रथम वर्षाला तीन अंध विद्यार्थी, एक कर्णबधिर, एक व्हीलचेअर वापरणारी आणि एक डिसग्राफिया (हाताने लिहिण्यात अडचण) असलेला विद्यार्थी आहे. एनएसएसचे स्वयंसेवक त्यांना पीअर मेंटर, म्हणजे मदत करणारे सोबती विद्यार्थी, म्हणून जोडून द्यावेत असा विचार आहे. जोड्या कशा लावाव्यात? मेंटरनेच लेखनिक (परीक्षेत विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारा) व्हावे का? मराठी नोट्स स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) वाचता येत नाहीत, त्याचे काय करावे? डिसग्राफियाच्या प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व 40 टक्क्यांखाली आहे, म्हणून परीक्षा विभाग लेखनिक द्यायला नकार देतो.

प्रतिसाद १

फक्त एनएसएसवर अवलंबून राहू नका. द्वितीय-तृतीय वर्षाला दिव्यांग विद्यार्थी असतील, तर आधी त्यांना मेंटर होणार का ते विचारा. फॉर्म कधी भरायचा, कोणते प्राध्यापक नोट्स आधी देतात, हे त्यांना पक्के माहीत असते. जोडी लावताना आधी विषय बघा, मग कामाची पद्धत. स्क्रीन रीडरवर शिकणाऱ्याला स्क्रीन रीडर वापरणारा सीनियर मिळाला तर उत्तम. मात्र 'दोघेही दिव्यांग' एवढ्यावर अंध विद्यार्थ्याला व्हीलचेअरवाल्या सीनियरशी जोडू नका.

मेंटर लेखनिक नको, हे अगदी ठाम सांगते. एकतर त्याची स्वतःची परीक्षा त्याच आठवड्यात असते. दुसरे, त्याच विषयाचा लेखनिक बसवला की आक्षेप येतो आणि त्रास परीक्षार्थीला होतो. लेखनिकांची यादी वेगळी करा, आणि पेपर दोन असतील तर तीन जणांशी बोलून ठेवा.

मेंटरचे काम आधीच लिहून द्या: आठवड्याला एक ठरलेला तास, नोट्स-वेळापत्रक-अर्ज यांत मदत, अडचण महाविद्यालयाच्या दिव्यांग कक्षाच्या समन्वयकापर्यंत पोचवणे. पैसे, औषधे, घरचे प्रश्न यात त्याने पडू नये. महिनाभराने दोघांना वेगवेगळे विचारा. समोरासमोर विचारले तर 'छान चाललंय' यापलीकडे काही कळत नाही. जोडी बदलायची असेल तर कारण मागू नका. आणि निदानाची माहिती विद्यार्थ्याने स्वतः सांगितली तरच मेंटरला कळावी.

प्रतिसाद २

नोट्सची अडचण बहुतेक फॉन्टची आहे. कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर आत रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमात साठवलेला असतो, म्हणून स्क्रीन रीडर काहीतरी अगम्य वाचतो. एक ओळ कॉपी करून ब्राउझरच्या शोधपट्टीत टाका. देवनागरी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येणाऱ्या संकेतपद्धतीत आहे, नाहीतर कन्व्हर्टरने बदलून घ्या. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांत चुकतो, तेव्हा मेंटरने एकदा नजर टाकायचीच.

स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसते चित्र. गूगल ड्राइव्हवर चढवून 'डॉक्स'मध्ये उघडली की मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर बनवणे) होतो, पण मोठी फाइल अर्धवट उघडते. एकेक प्रकरण वेगळे करा. तक्ते हातानेच लिहावे लागतात. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि मराठीही वाचतो. सुगम्य पुस्तकालय या दिव्यांग वाचकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात नोंदणी करून घ्या, काही पुस्तके तयारच मिळतील.

धागाकर्ता

फॉन्टची चाचणी केली, अर्ध्या फाइली कृतिदेवमध्येच निघाल्या. परीक्षेचे कोणी सांगेल का?

प्रतिसाद ३

परीक्षा विभागाला सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2021 चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल दाखवा. लेखनिक 40 टक्क्यांवरच्यांनाच, असे बंधन घालता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. त्यानंतर केंद्राने ऑगस्ट 2022 मध्ये 40 टक्क्यांखालच्या, लिहायला अडचण असलेल्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्या 2022 च्या सूचनांत ठरलेल्या नमुन्यात सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र लागत होते. नुसते यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र) पुरत नव्हते, म्हणूनच अर्ज अडायचे. जादा वेळ तासाला किमान 20 मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक कोण चालतो हे विद्यापीठाच्या चालू परिपत्रकातच बघा, हे नियम बदलतात. अर्ज परीक्षा फॉर्मबरोबरच द्या आणि पोच घ्या.

कर्णबधिर विद्यार्थ्याच्या मेंटरने खिडकीकडे पाठ करून बसू नये, चेहरा अंधारात जातो. भारतीय सांकेतिक भाषा हीच ज्याची पहिली भाषा आहे त्याला लांबलचक लेखी मराठी जड जाते; छोटी वाक्ये, एकेक मुद्दा. व्हीलचेअरसाठी तर मेंटरच्या आधी वेळापत्रक समितीला भेटा. तिचे सगळे तास तळमजल्यावर आणा, तिला उचलून वर नेण्याचे काम कोणत्याही स्वयंसेवकाला देऊ नका.