‘मॅशअप’ला मराठीत काय म्हणावं?

मांजराकाठ: लातूरकडच्या बचतगटांसाठी एक पुस्तिका मराठीत करतेय. प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसानं इंटरनेटवरच्या तयार सेवा जोडून आपल्यापुरतं ॲप कसं करायचं, असा विषय आहे. पावसाचा अंदाज एकीकडून, तुरीचा भाव दुसरीकडून, आणि दोन्ही मिळून सकाळी फोनवर एकच मेसेज. मूळ शब्द ‘मॅशअप’. शिवाय ‘वेब सर्व्हिस’ला मी ‘सेवा’ लिहिलं, तर पहिल्याच बैठकीत एक मावशी म्हणाल्या, “सेवा कुणाची? देवाची का सासूची?”

शुद्धमती: संयोजित अनुप्रयोग. अर्थ नेमका बसतो.

उदगिरी: ताई, ‘अनुप्रयोग’ वाचून बाया चहा पिऊन घरी जातील. सरळ ‘भज्जी’ म्हणा. येळवसीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आपण काय करतो? तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभरा, घरात असतील त्या भाज्या, चिंचेचा कोळ, बेसन. एक पदार्थ, दहा घरचा माल.

जुना मास्तर: मॅश म्हणजे घोटणं. मग ‘गरगटं’ म्हणा की! पण 2005 मध्ये गाजलेला मॅशअप आठवा. क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या साइटवरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती एकानं गूगलच्या नकाशावर मांडल्या. घर घरच राहिलं, नकाशा नकाशाच. घोटलं काहीच नव्हतं. इंग्रजी शब्दच चुकलाय.

उदगिरी: भज्जीत तरी कुठं घोटतो मास्तर? दाणा दाण्यासारखा दिसतो.

परभणीची: मी ‘वाकळ’ म्हणेन, चिंध्या जोडून शिवलेली गोधडी. 2007 ला मॅशअप करायचं याहू पाइप्स आलं, 2015 ला बंद झालं. पडद्यावर चौकोन ठेवायचे आणि एकातून दुसऱ्यात नळी ओढायची, कोड लिहायचा नाही. मी त्यात चार पेपरांच्या बातम्यांतून ‘जायकवाडी’ शब्द असलेल्या तेवढ्या गाळून घ्यायचे. एका पेपरनं फीडचा, म्हणजे नव्या बातम्या आपोआप जिथून मिळतात त्या दुव्याचा, पत्ता बदलला आणि बरोब्बर तेवढ्याच बातम्या गायब. कळायला मला आठवडा लागला. भज्जीत गवार नसली तर चालतं हो. वाकळीचं एक पटकूर निघालं की थंडी तिथूनच शिरते. धावदोरा तेवढा आपला, चिंध्या सगळ्या दुसऱ्याच्या.

जुना मास्तर: हे पटलं. पण मग ‘पैबंद’ का नको? आमचे आजोबा उर्दू शाळेत शिकलेले. ठिगळालाही पैबंद म्हणायचे आणि आंब्याच्या कलमालाही. फारसी शब्द आहे.

शुद्धमती: म्हणजे संस्कृत जड आणि फारसी हलकं?

जुना मास्तर: तहसीलला ‘अर्ज’ देता तेव्हा कोणती भाषा बोलता?

मांजराकाठ: ‘सेवे’चं काय करू पण? सोमवारी छपाईला द्यायचंय.

परभणीची: ‘येळवस’ तरी शुद्ध कुठंय? वेळ अमावस्येचा अपभ्रंश.

उदगिरी: उलट आहे. ‘येळ’ कन्नड. एळ्ळु म्हणजे तीळ. सीमेपलीकडं एळ्ळ अमावस्याच म्हणतात.

जुना मास्तर: तीळ नाही, एळु. सात. सातवी अमावस्या.

शुद्धमती: मार्गशीर्ष नववा महिना आहे.

जुना मास्तर: चैत्रापासून. कुणब्याचं साल मृगापासून. ज्येष्ठ धरून मोजा.

उदगिरी: आणि मधी अधिक महिना आला तर?