सरकारी खर्चकपातीला 'काटकसर' म्हणायचं का?

हिशेबी
'ऑस्टेरिटी', म्हणजे तूट कमी करायला सरकारने लादलेली कपात, आली की बातम्यांत डोळे झाकून 'काटकसरीचे धोरण' लिहितात. माझा आक्षेप त्यालाच आहे. काटकसर म्हटलं की ऐकणारा निम्मा पटलेलाच असतो. उधळपट्टीची बाजू कोण घेणार? पण ब्रिटनमध्ये २०१० नंतर काय झालं ते बघा. शेकडो वाचनालयं बंद पडली, सरकारी नोकरांचे पगार गोठले, एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलासाठी गरीब घरांना मिळणारी वाढीव मदत थांबली. यात सरकारने स्वतःच्या पोटाला चिमटा काढलाय कुठे? याला सरळ 'खर्चकपात' म्हणा. मग कोणाचा खर्च, हा प्रश्न निदान विचारला तरी जाईल.

गंमत म्हणजे त्याच देशात हा शब्द आधी वेगळ्या अर्थाने रुळला होता. दुसरं महायुद्ध संपलं तरी रेशन संपलं नाही. पाव तर युद्धभर खुला मिळत होता, तो जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला. लोकांनी कमी खायचं, कमी नेसायचं आणि माल परदेशी विकून डॉलर कमवायचे, ही तेव्हाची ऑस्टेरिटी. आणि त्याच धामधुमीत जुलै १९४८ मध्ये सगळ्यांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली! टंचाई वाटून घेतली, पण सरकारने हात आखडता घेतला नाही. २०१० चा प्रकार नेमका उलटा.

रोकडा
'वाटून घेतली' हे फारच गोड चित्र झालं. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं, तेव्हा पोशाखासाठी सरकारने तिला कापडाच्या रेशनची २०० जादा कुपनं दिली. लोकांनी प्रेमापोटी आपापली कुपनंही धाडली. ती दुसऱ्याला वापरता येत नाहीत म्हणून परत करावी लागली. नियम कडक होते, पण सगळ्यांना सारखे नव्हते. लोक त्या रेशनला विटले आणि १९५१ मध्ये सत्तेतल्या मजूर पक्षाला घरी बसवलं.

शब्द कोणताही वापरा, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही. २००९ मध्ये ग्रीसची तूट जीडीपीच्या १५ टक्क्यांवर गेली होती. सरकारचे कर्जरोखे घ्यायला कोणी तयार नाही, घेतलेच तर व्याज परवडत नाही. तिथे खर्च कापायचा की नाही याची निवड उरतेच कुठे?

हिशेबी
१९५१ मध्ये देशभरातली एकूण मतं मजूर पक्षालाच जास्त होती. जागा कमी पडल्या. 'घरी बसवलं' जरा जपून.

निरगाठ
रोकडा, ग्रीसची अर्धीच गोष्ट सांगितलीत. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोचं कर्ज मिळालं, त्यासोबत कपातीच्या अटी आल्या. पुढच्या काही वर्षांत अर्थव्यवस्था जवळजवळ पाव हिश्श्याने आक्रसली, २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली. २०१२ मध्ये खासगी धनकोंनी मोठी रक्कम सोडून दिली, तरी जीडीपीच्या तुलनेत कर्ज २००९ पेक्षा जास्तच राहिलं. २०१५ च्या उन्हाळ्यात बँका बंद, एटीएमवर रांगा आणि हातात दिवसाला फक्त ६० युरो.

हे का होतं? घराने खर्च कमी केला तरी घरातल्या माणसाचा पगार कमी होत नाही. सरकारचा खर्च म्हणजे मात्र कोणाचा तरी पगार, कोणाची तरी विक्री. सगळीकडे एकदम कापलंत की ती माणसंही कमी खरेदी करतात, कर कमी जमा होतो आणि तूट आहे तिथेच. कर्ज देणाऱ्यांपैकीच एक असलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या स्वतःच्या अर्थतज्ज्ञांनी, ब्लांशार आणि ली यांनी, जानेवारी २०१३ मध्ये लिहिलं की कपातीचा फटका अंदाजात फार कमी धरला गेला होता.

रोकडा
बरं, मग लाटव्हियाचं काय? २००९ मध्ये एका वर्षात अर्थव्यवस्था १४ टक्क्यांच्या आसपास घसरली. सरकारी पगार कापले, नोकऱ्या कापल्या. तरी ऑक्टोबर २०१० मध्ये लोकांनी त्याच पंतप्रधान दोम्ब्रोव्स्किसना पुन्हा निवडून दिलं, आणि जानेवारी २०१४ मध्ये देशाने युरो चलन घेतलं. कॅनडानेही १९९५ च्या अर्थसंकल्पात जोरदार कात्री लावली आणि १९९७-९८ मध्ये शिल्लक दाखवली.

निरगाठ
लाटव्हियातून किती तरुण देश सोडून गेले तेही बघा. बेकारीचा आकडा तसाही खाली येतो. कॅनडाचं उदाहरण मला आवडतं, पण शेजारी अमेरिका तेजीत, स्वतःचं चलन स्वस्त, व्याजदर उतरते. कपातीने गेलेली मागणी निर्यातीने भरून काढली. ग्रीसकडे स्वतःचं चलनच नव्हतं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने १९३७ मध्ये हेच म्हटलं होतं, की तिजोरीची काटकसर तेजीत करावी, मंदीत नव्हे.

रोकडा
आणि तेजीत कोणता अर्थमंत्री कात्री काढतो? तेव्हा निवडणूक असते!

तिरपागडे
मधेच घुसतो. गीतेच्या इंग्रजी भाषांतरांत 'तप' या शब्दाला सर्रास ऑस्टेरिटी लिहिलेलं असतं. तप ज्याचं त्याने करायचं असतं. इथे अर्थमंत्री जाहीर करतो आणि उपास दुसऱ्याला घडतो. (चालू द्या.)

रोकडा
तिरपागडे 😀 पण मूळ मुद्द्यावर येऊ. हिशेबी, तुमचा 'खर्चकपात' शब्दही लंगडा आहे. ब्रिटनने जानेवारी २०११ मध्ये व्हॅट साडेसतरावरून वीस टक्के केला. एक पैसाही खर्च न कापता लोकांच्या खिशातून काढला, आणि तोही ऑस्टेरिटीतच मोजतात. तो कुठे बसवणार?

हिशेबी
करवाढीला करवाढ म्हणायचं. दोन गोष्टी, दोन शब्द.

रोकडा
बातमीचा मथळा चार शब्दांचा असतो हो.