आजीचा पाठचा भाऊ तान्हेपणी गेला, नोंद कुठे शोधू?

कोयनाकाठ: आजी ८७ वर्षांची आहे. तिच्या पाठचा भाऊ १९४३ च्या सुमारास, आठ महिन्यांचा असताना गेला. गाव कराड तालुक्यात. त्याचा चांदीचा एक वाळा आजीने जपलाय, नाव मात्र तिला आठवत नाही. घराण्याची वंशावळ छापायची चाललीय, त्यात तो हवाच. खर्च हजाराच्या आत. आजीला एकटं टाकून मुक्कामी जाता येणार नाही.

नाशिकची_माई: त्र्यंबकेश्वरला जा! तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव-आडनावावरून सगळं सापडतं. आम्हाला सात पिढ्या मिळाल्या, पणजोबांची सहीसुद्धा. दोन दिवस राहिलो, सहा हजार गेले, पण सार्थक झालं.

जुनी_वही: माई, एवढ्या लहान मुलाला पुरतात, त्याचं श्राद्ध करत नाहीत. मग तिथे त्याचं नाव बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. कोतवाल बुक बघा, म्हणजे गाव नमुना १४. त्यात गावातले जन्म-मृत्यू लिहीत. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा. शोधताना बाळाचं नाही, बापाचं नाव धरा. बारसं व्हायच्या आधीच जन्म नोंदलेला असायचा.

वसईकर: आमच्या चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा आणि दफन, दोन्ही नावानिशी मिळतं.

मोडी_शिकतोय: १९४३ म्हणजे मोडी असणार, आधी वाचक गाठा. मला एकाने पानाला पाचशे लावले आणि आडनावच चुकीचं वाचून दिलं.

जुनी_वही: मोडीच असेल असं नाही. आमच्या गावचं त्या काळातलं बुक बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत आहे.

तात्या: अशी मुलं वंशावळीत घालत नाहीत. घालायचंच तर गुरुजींना विचारून एखादं नाव ठेवा.

दोन_लेकींची_आई: तात्या, माझं पहिलं बाळ चार दिवसांचं होऊन गेलं. मला मुलं किती विचारलं तर मी तीन सांगते. कोयनाकाठ, घालाच त्याला.

नाशिकची_माई: त्र्यंबकला एकदा जाऊन याच.

कोयनाकाठ: नक्कल मिळाली, तीही बाळबोधीत. पणजोबांचं नाव, पुढे "मुलगा, ८ महिने, ताप". जन्माचं पान वाळवीने खाल्लंय. त्र्यंबकला जाणार नाही, नवं नावही ठेवणार नाही. तारीख पंचांगात पाहिली तर श्रावण निघाला. आजीला सांगितलं, तर वाळा हातात घेऊन म्हणाली, "पाऊस होता रे. दादा चिंब होऊन परत आले होते." ती त्याला बाळ म्हणायची. वंशावळीत "बाळ" असंच छापायला दिलंय.