मदत हवी आहे: रोज जेमतेम पाऊण तास, घरी मॉन्टेसरी कसं जमवू?

मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो, त्यामुळे संध्याकाळी तिच्या वाट्याला पाऊण तास आला तरी खूप. मॉन्टेसरी, म्हणजे मूल स्वतःच्या हाताने काम करत शिकतं ती पद्धत; तिच्या वर्गात मुलांना सलग ३ तास काम करू देतात हे वाचलं आणि तिथेच हातपाय गळाले.

सध्या तिच्या हाताला येईल अशा फळीवर चारच ट्रे ठेवलेत, एकेका ट्रेत एकेक काम. पाणी ओतायचा ट्रे लाडका. छोट्या किटलीतून पेल्यात ओतते, सांडलं की स्वतःच स्पंज आणून पुसते. खरं तर ओतण्यापेक्षा पुसण्यातच जास्त रमते! पण ती रंगात आली की नेमकी जेवायची वेळ होते, आणि उठवलं की रडारड. मध्येच तोडू नये हे कळतं हो, पण घड्याळाचं काय करू?

शिवाय गुलाबी मनोरा (मॉन्टेसरीतलं ठोकळे एकावर एक रचायचं साधन) घ्यावा का? १ ते १० सेंटिमीटरचे दहा ठोकळे, दिसतात सुरेख. पण एवढ्याशा वेळात त्यापेक्षा बटणं लावणं, रुमालाच्या घड्या घालणं हेच बरं का?

तुम्ही ट्रे किती दिवसांनी बदलता? आणि सकाळच्या घाईत मूल स्वतःच्या हाताने चपलेचा पट्टा लावत बसलं की गप्प उभं राहायला धीर कुठून आणता?