"आधी डब्ल्यूएसएल टाक, मग प्रश्न विचार": हे उत्तर आहे का?

लॅबवाली
परवा एका मुलाने विचारलं, "डॉक्समधली सोर्सची कमांड चालत नाही, काय करू?" (डॉक्स म्हणजे सूचनापानं; ही कमांड प्रोजेक्टचं स्वतंत्र पायथॉन वातावरण चालू करते.) त्यावर टर्मिनलकर यांनी लिहिलं, "विंडोजवर आहेस ना? आधी डब्ल्यूएसएल टाक, मग प्रश्न विचार. डॉक्समध्ये काही चूक नाही." (डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय.) दोन दिवस हे डोक्यातून जात नाहीये.

मी तंत्रनिकेतनात पायथॉन शिकवते. लॅबमधलं प्रत्येक मशीन विंडोजचं, ४ जीबी रॅम. ॲडमिन पासवर्ड मुलांचं सोडा, माझ्याकडेही नाही. डब्ल्यूएसएल २ साठी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं, आणि बायोसलाही कुलूप. पायथॉनच्या स्वतःच्या पानावर दोन्हीकडच्या कमांड दिल्यात. पण लायब्रऱ्यांच्या (तयार कोडच्या संचांच्या) डॉक्समध्ये बहुतेकदा एकच ओळ, लिनक्सची. त्या कमांडमधल्या फोल्डरचं नाव विंडोजवर 'बिन' नसून 'स्क्रिप्ट्स' असतं, हे मुलांनी ओळखायचं कसं? ओळखलं तरी पॉवरशेलची (विंडोजच्या कमांड-खिडकीची) एक्झिक्युशन पॉलिसी, म्हणजे स्क्रिप्ट चालवायला मनाई करणारा नियम, आडवी येते आणि स्क्रीन लाल होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीला वाटलं, आपण कॉलेजचं मशीन बिघडवलं. तासभर ती कीबोर्डला हात लावेना.

टर्मिनलकर
त्या मुलीबद्दल वाईट वाटलं. पण डॉक्स लिहिणारे कोण असतात? दोघं-तिघं, नोकरी सांभाळून, बिनपैशाचे. त्यांच्याकडे विंडोज नाहीच. न तपासलेली कमांड छापायची का? त्यापेक्षा न दिलेली परवडली. आणि कोड शेवटी लिनक्स सर्व्हरवरच जातो. नोकरीत ते शिकावंच लागतं.

सांगलीचा_मॅकवाला
"लिनक्स/मॅक" असं एका दमात लिहिणंही थांबवा. 'सेड' या कमांडने फाईल जागच्या जागी बदलायची तर मॅकवर रिकामं अवतरण द्यावं लागतं, लिनक्सवर नाही. मॅकसोबत येणारं बॅश (कमांड चालवणारा प्रोग्राम) अजून ३.२ आहे, कारण ४ पासून जीपीएल ३ हा परवाना लागला, जो ॲपल टाळतं. माझी अख्खी रात्र यात गेलीये.

वऱ्हाडी_बाइट
माझा राग वेगळा आहे. फाईल उघडायच्या उदाहरणात एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये कशी साठवली ते) कुणी लिहीतच नाही. लिनक्सवर यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्यांची पद्धत गृहीत, म्हणून चालतं. माझ्या विंडोजवर पायथॉन सीपी-१२५२, म्हणजे युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत, धरतो. गावच्या वाचनालयाची यादी वाचायला गेलो तर एका फाईलमध्ये कचरा, दुसरीत थेट एरर. आठवड्याने कळलं: हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, आणि सीपी-१२५२ मध्ये ती जागा रिकामी. म्हणजे जोडाक्षर आलं की प्रोग्राम पडणार. 'झ' आणि 'ए'चंही तेच. मराठीत जोडाक्षराशिवाय यादी कुठून आणू?

टर्मिनलकर
हा पायथॉनचा प्रश्न, डॉक्सचा नाही. ३.१५ पासून यूटीएफ-८ आपोआप होतंय.

वऱ्हाडी_बाइट
आमच्या वाचनालयात ३.८ आहे! उदाहरणात एक शब्द जास्त लिहिला असता तर माझा आठवडा वाचला असता.

कोकणी_कोडर
एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलं असेल तर नुसतं यूटीएफ-८ लिहूनही भागत नाही. सुरुवातीला बीओएम (न दिसणारी खूण) चिकटतो आणि पहिल्या रकान्याचं नाव जुळत नाही. 'यूटीएफ-८-सिग' लिहा.

वऱ्हाडी_बाइट
अरे देवा. म्हणजे 'क्रमांक' रकाना सापडत नव्हता तो यामुळे? मी चार वेळा टाईप करून पाहिला. हेही कुठल्या डॉक्समध्ये नाही!

टर्मिनलकर
धागा कुठून कुठे गेला. लॅबवाली, तक्रार सोपी असते. तुम्ही स्वतः एक तरी पुल रिक्वेस्ट (बदल सुचवणारी विनंती) पाठवलीत का?

लॅबवाली
पाठवली. तीन ओळी, लॅबमधल्या मशीनवर चालवून पाहिलेल्या. "आम्ही विंडोजकडे बघत नाही" म्हणून दहा मिनिटांत बंद केली. मशीन नाही ही सबबही मला पटत नाही. गिटहब ॲक्शन्सवर (कोड आपोआप तपासायच्या सेवेवर) सार्वजनिक रेपोला विंडोजचे रनर, म्हणजे उसनी मशीनं, फुकट मिळतात. आणि जँगो या वेब लायब्ररीचे लोक ट्युटोरियलमध्ये दोन टॅब, त्यातला एक विंडोजचा, देतातच ना?

टर्मिनलकर
तपासलेली होती तर बंद करायला नको होती. एवढं मान्य. त्या मुलाला "आधी डब्ल्यूएसएल टाक" म्हणालो तेही घाईत. पण दर रिलीजला त्या तीन ओळी पुन्हा कोण तपासणार, हे तुम्ही अजून सांगितलं नाहीत.

लॅबवाली
मी तपासेन. पुल रिक्वेस्टमध्ये तसं लिहिलंही होतं. तुम्ही ज्या लायब्ररीचं काम पाहता तिचं नाव द्या, सोमवारी तिथेच पाठवते.