मदत हवी आहे: फ्लेअरनंतर विमान खाली बसतच नाही, सोलो अडकला आहे

निळीछत्री
कमर्शियल लायसन्सचं ट्रेनिंग चालू आहे. टेकऑफ, सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी), रेडिओ, स्टॉल (वेग कमी पडून पंखांची उचल तुटणं) सगळं ठीक. फक्त लँडिंग जमत नाही. फ्लेअर केला, म्हणजे टेकण्याआधी नाक वर घेतलं, की विमान तरंगत राहतं, धावपट्टी संपत जाते आणि मग एकतर आपटतं नाहीतर उडी मारतं. बरोबरचे सगळे सोलो झाले, म्हणजे एकटे उडून आले. इन्स्ट्रक्टर म्हणतात, "येईल हळूहळू." परवा पुन्हा चेक (सोलोआधीची परीक्षा) आहे. थिअरी नको, पुस्तकं वाचून झाली आहेत. नक्की काय करू ते सांगा.

उडाणटप्पू
विमान कोणतं? फ्लॅप (पंखांमागच्या खाली वळणाऱ्या झडपा) किती? धावपट्टीच्या सुरुवातीला वेग किती? थ्रॉटल (इंजिनाचा जोर) कुठे बंद करता? यातलं काहीच लिहिलं नाहीत आणि "नक्की काय करू" म्हणता.

गगनगामी
सर्वात आधी क्लास वन मेडिकल करून घ्या. रंगांधत्व, ऐकणं, ईसीजी यात पुढे अडकलात तर लँडिंग शिकून उपयोग काय? लोक पैसे भरून मोकळे होतात आणि मेडिकल शेवटी करतात.

निळीछत्री
मेडिकल झालंय हो, लँडिंगचं विचारतोय. विमान सेसना १७२, दुसरं काय असणार. फ्लॅप फुल.

उडाणटप्पू
पायपर असू शकतं, डायमंड असू शकतं. १७२ मध्येसुद्धा जुन्यांचे फ्लॅप ४० अंशांपर्यंत जातात, नव्यांचे ३०. असो. वेग?

निळीछत्री
१७२ एस आहे, म्हणजे ३०. फायनलला, धावपट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यात, ७५ नॉट ठेवतो. ६५ सांगितलंय, पण ७५ ला कंट्रोल चांगले लागतात, सुरक्षित वाटतं.

क्यूएनएच
सापडलं. एसच्या हँडबुकात फ्लॅप खाली असताना नॉर्मल अ‍ॅप्रोच ६० ते ७० नॉट आहे. तुमचे ७५ म्हणजे फ्लॅप न लावता येण्याच्या पट्ट्यातला सगळ्यात वरचा आकडा. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ६५ च्या जागी ७५ आणलेत की जवळजवळ ३३ टक्के जास्त ऊर्जा बरोबर येते. ती कुठेतरी खर्च व्हायला हवी. त्यात जमिनीलगत, म्हणजे पंखांच्या लांबीच्या निम्म्या उंचीखाली (१७२ चे पंख ११ मीटर, म्हणजे साडेपाच मीटरखाली), इंड्यूस्ड ड्रॅग (उचलीबरोबर येणारा हवेचा अडथळा) बराच कमी होतो. वेग उतरायला हवा नेमका तिथेच विमान घसरगुंडीवर बसल्यासारखं पुढे जातं.

आता थ्रॉटलचं सांगा. फ्लेअरमध्ये पूर्ण मागे येतो का?

निळीछत्री
थोडा ठेवतो. पूर्ण काढला की आपटतं.

उडाणटप्पू
पहिल्याच पोस्टमध्ये हे लिहिलं असतंत तर! १० नॉट जास्त, वर इंजिन चालू. बसणार कसं?

शेपूटचाक
टेलव्हील (शेपटाखाली चाक असलेल्या) विमानावर काही तास करा. नाकचाकाने सगळ्यांना आळशी केलंय. पाय आणि योक (हातातलं स्टिअरिंग) दोन्ही सुधारतात.

उडाणटप्पू
परवा चेक आहे त्यांचा. परवापर्यंत टेलव्हील?

शेपूटचाक
परवा नाही तर पुढच्या महिन्यात. सल्ला चुकीचा ठरत नाही त्याने.

अल्टिमीटर
इथे थिअरी लागणारच, पण थोडीच. नाकाने वेग सांभाळा, थ्रॉटलने उंची. ६५ नॉट राहील असं नाक पकडा, ट्रिम करा (योक न धरता नाक तिथेच राहील असं लावा) आणि हात सैल सोडून बघा, विमान ६५ वर राहतं का. नाही राहिलं तर ट्रिम चुकलंय, आणि मग फ्लेअरमध्ये तुम्ही विमानाशी नाही, ट्रिमशी झगडताय. खाली जाताय वाटलं तर थ्रॉटल वाढवा, नाक ओढू नका.

बोइंगवेडा
उलटं शिकवताय. कमर्शियल लायसन्स घेऊन उद्या जेटवर जायचंय. नाकाने मार्ग धरायचा, थ्रॉटलने वेग. सुरुवातीपासून हीच सवय हवी.

अल्टिमीटर
१७२ च्या फायनलवर जेटची सवय? पिस्टन इंजिन थ्रॉटल ढकलताच जोर देतं, जेटला वर यायला वेळ लागतो, म्हणून तिथे थ्रस्ट आधीपासून ठेवतात. वेगळी यंत्रं, वेगळ्या सवयी.

बोइंगवेडा
सवय एकदा लागली की सुटत नाही, एवढंच म्हणणं आहे.

क्यूएनएच
दोघांनी वेगळा धागा काढा. नाक आणि थ्रॉटल एकत्रच हलतात, आणि फ्लेअरमध्ये हा वाद गैरलागू आहे, तिथे थ्रॉटल बंदच असतो.

निळीछत्री, इन्स्ट्रक्टरना विचारून या क्रमाने करा. एम पॉइंट (ज्यावर नेम धरून खाली यायचं तो बिंदू) धावपट्टीवर ठरवा, टेकायचं तिथे नाही, त्याच्या अलीकडे, कारण फ्लेअरमध्ये विमान पुढे जाणारच. काचेत तो बिंदू स्थिर राहायला हवा. वर सरकला तर अलीकडेच उतराल, खाली सरकला तर पलीकडे जाल. १० ते २० फुटांवर नाक हळूहळू वर घ्यायला लागा आणि त्याच वेळी थ्रॉटल सावकाश पूर्ण मागे आणा, झटका नको. मग विमान टेकवायचा प्रयत्न करू नका. जमिनीलगत उडतं ठेवायचा प्रयत्न करा. वेग उतरेल तसं योक मागे, अजून मागे. मुख्य चाकं आपोआप टेकतील, नाकचाक नंतर.

आणि नजर कुठे असते?

निळीछत्री
नाकासमोर, जमीन दिसते तिथे.

उडाणटप्पू
म्हणून "पूर्ण काढला की आपटतं". जवळची जमीन धूसर पळते आणि उंचीचा अंदाज चुकतो. बहुतेक वेळा माणूस वरच फ्लेअर करून बसतो, तिथे थ्रॉटल काढला की आपटणारच. फ्लेअर सुरू होताच नजर धावपट्टीच्या टोकाकडे न्या, खालचं डोळ्यांच्या कडेने दिसू द्या. सीटची उंचीही रोज तीच ठेवा, दोन इंच खाली बसलात तरी चित्र बदलतं. आणि सीट रुळात नीट अडकली का ते हलवून बघा, टेकऑफला मागे सरकली तर योक हातातून जाईल.

सिमसम्राट
घरी सिम्युलेटरवर करा ना, पेट्रोल फुकट.

उडाणटप्पू
चेकलिस्ट आणि सर्किटला छान. फ्लेअरला नाही. एका स्क्रीनवर डोळ्यांच्या कडेचं काहीच दिसत नाही, तेच तर शिकायचंय.

क्यूएनएच
उडी मारल्यावर काय करता?

निळीछत्री
योक पुढे करतो, परत खाली आणायला.

क्यूएनएच
हे आजपासून बंद. वेग हवा तेवढा जास्त असो नसो, हे आधी. योक ढकललं की नाकचाक आधी टेकतं, विमान परत उसळतं, प्रत्येक उडी मोठी होते. नाकचाक, प्रोपेलर आणि फायरवॉल (इंजिनामागची भिंत) अशीच जातात. छोटी उडी असेल तर नाक आहे तसंच धरा, हलका थ्रॉटल द्या, पुन्हा बसू द्या. मोठी किंवा दुसरी उडी असेल तर सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. फुल थ्रॉटल, फ्लॅप लगेच २०, ६० नॉटला चढा, बाकीचे फ्लॅप टप्प्याटप्प्याने. लँडिंगचं ट्रिम असताना फुल पॉवर दिली की नाक जोरात वर जातं, तेव्हा योक दाबून धरायची तयारी ठेवा.

अल्टिमीटर
+१. चेकला वेळेवर केलेला गो-अराउंड वाईट लँडिंगपेक्षा चांगला दिसतो.

निळीछत्री
ठीक, ६५ आणि थ्रॉटल बंद. एक राहिलं, तरंगताना विमान डावीकडे तोंड करतं. वारा नसतानासुद्धा.

उडाणटप्पू
हेही आत्ता सांगताय! डाव्या सीटवर आहात आणि काउलिंगचा (इंजिनावरच्या झाकणाचा) मध्य धावपट्टीच्या टोकाशी जुळवताय, म्हणून. तुमचा डोळा मध्यापासून डावीकडे आहे, त्यामुळे नाक डावीकडे वळतं. काउलिंगवरचा तुमच्या अगदी समोरचा बिंदू धरा आणि नाक रडरने (पायाने हलणाऱ्या शेपटीच्या पात्याने) सरळ ठेवा, एलेरॉनने (पंखांवरच्या पात्यांनी) नाही. वारा असेल तर वाऱ्याकडचा पंख खाली, उलटा रडर.

अल्टिमीटर
सोलोसाठी एक. इन्स्ट्रक्टर उतरले की वजन घटतं. विमान लवकर चढेल आणि त्याच वेगाला जास्त तरंगेल. वजन १० टक्के कमी झालं तर स्टॉलचा वेग साधारण ५ टक्के उतरतो. म्हणून ६५ वर एक नॉटही चढवू नका.

गगनगामी
मेडिकलची मुदत मात्र बघून ठेवा. चेकच्या दिवशी ती संपलेली निघाली तर सोलोही नाही.

शेपूटचाक
रडरचा प्रश्न टेलव्हीलवर एका सर्किटमध्ये सुटला असता.

निळीछत्री
उद्या इन्स्ट्रक्टरना सांगतो की फक्त ६५ आणि नजर, बाकी काही बोलू नका. टेलव्हील नंतर.